पिशोरचं माहेर

वच्छलाबाईंवर पोलिसांनी गुन्हा दाखल केला तेव्हा त्या अळीव भिजत घालत होत्या. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते आणि वकिली करते, म्हणून त्या तशाच माझ्याकडे धावत आल्या. हात अळिवानं चिकट झालेले.

"वकिलीणबाई, बाळंतपन करनं गुन्हा हाय का वो?"

मी मुळात फटकळ. "तुमच्या बाबतीत आहे," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून माझाच मला राग आला. पण गोष्ट मधूनच सुरू करण्यात अर्थ नाही. आधी बाई कोण ते सांगते.

वच्छलाबाई मूळच्या पिशोरच्या, कन्नड तालुक्यातल्या. माहेरी शेती, आता भाऊ सांडूदादा आल्याचं पीक घेतात. नवरा रामकिसन एसटीत ड्रायव्हर होता. त्यानं उस्मानपुऱ्यात दोन खोल्या बांधल्या, वर एक चढवली आणि निवृत्त व्हायच्या आधीच गेला. मुलगा बन्सी बजाजनगरात राहतो, कारखान्यात आहे. रविवारी येतो, आईला चार शब्द ऐकवतो आणि डबा घेऊन जातो. पोटी लेक नाही. लेकीचं बाळंतपण करायची हौस राहिली, हे बाई इतक्या वेळा म्हणाल्यात की गल्लीतल्या प्रत्येकीला वाटायचं, आपणच जाऊन बाळंत व्हावं आणि मोकळं करावं एकदाचं.

वरची खोली त्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना देत. येमेन, सुदान, सोमालिया, अफगाणिस्तान, कुठून कुठून पोरं आमच्या शहरात शिकायला येतात. गल्लीला त्याचं नवल नाही. वच्छलाबाईंना देशांची नावं कधी पाठ झाली नाहीत. त्या सगळ्यांना पाव्हणे म्हणत आणि सगळ्यांना ठेचा खायला लावत. एक सुदानी मुलगा ठेच्यानं रडला होता, तर बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "घरची आठवन आली आसंल."

नबील आणि अरवा आले ते येमेनमधून. नबील इथं पीएचडी करत होता, लग्न करून बायकोला घेऊन आला. मग तिकडे त्यांच्या ताइझ गावात लढाई पेटली. शिष्यवृत्ती थांबली. अरवाच्या माहेरच्या घरावर बॉम्ब पडला, त्यात तिची आई आणि भाऊ गेले. इकडे नबीलचं शिक्षण संपलं, आणि शिक्षण संपलं की व्हिसाही संपतो. व्हिसा संपला की माणसानं परत जायचं असतं. परत कुठं, हे कुठल्याही अर्जात विचारलेलं मी पाहिलं नाही.

इथं मला जरा चिडू द्या. आपल्या देशात निर्वासितांसाठी कायदाच नाही. आहे तो परक्यांसाठीचा, इंग्रजांच्या अमदानीतला. त्या कायद्याच्या लेखी मजा करायला येऊन जास्त राहिलेला पर्यटक आणि बॉम्बनं घर हिरावलेली बाई, दोघंही सारखेच. शेजारपाजारच्या देशांतही बहुतेक ठिकाणी हीच रड. मग जे काही मिळतं ते साहेबाच्या मनावर. साहेब चांगला असेल तर मुदत वाढते, नसेल तर नाही. नबील-अरवाच्या नशिबानं आमच्या परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत त्या वेळी माणूस चांगला होता. निर्वासितांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीच्या कचेरीत त्यांनी निर्वासित म्हणून अर्ज केला होता. तिथला निकाल लागेपर्यंत साहेब थोडी थोडी मुदत वाढवून देत. अट एकच. नोंदवलेल्या पत्त्यावर राहायचं, आणि पत्ता सोडायचा झाला तर आधी कळवायचं.

ही अट मी स्वतः नबीलला समजावून सांगितली होती. अरवाला नबीलनं सांगितली. वच्छलाबाईंना ती कुणी सांगितली नाही, कारण त्यांना सांगायचं कशाला असं आम्हा दोन शिकलेल्या माणसांना वाटलं.

अरवाला दिवस गेले. ती तोवर बरीच मराठी बोलायला लागली होती, म्हणजे वच्छलाबाईंची पिशोरी मराठी, मधे मधे गल्लीतली दखनी. बाईंना ती खाला म्हणायची. तिच्या भाषेतही मावशीला खालाच म्हणतात, आणि आमच्याकडेही निम्मी गल्ली तेच म्हणते, त्यामुळे दोघींचं तिथंच जमलं. सातव्या महिन्यात बाईंनी तिचं डोहाळजेवण केलं. हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या. अरवा लाजून हसत होती आणि एकीकडे रडत होती. मी दोन लाडू जास्त खाल्ले आणि कोर्टात गेले.

त्याच आठवड्यात नबीलला दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तो गेला. मुलाखत पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, आणि तो तिथंच कुणा ओळखीच्याकडे अडकून पडला. इकडे अरवा एकटी. आणि वच्छलाबाईंच्या डोक्यात एकच, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. पोरीला माहेर राहिलेलं नाही, तर ते आपलं. आपलं माहेर कुठं? पिशोरला.

अरवानं विचारलं होतं. हे मला नंतर तिनंच सांगितलं. "खाला, पोलिसला सांगायचं?" असं तिनं विचारलं, तर बाई हसल्या. "मपल्या घरी जायाला पोलिसाला काहून पुसायचं गं येडे?" त्यांनी किराणावाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, शेजारच्या लक्ष्मीबाईंकडे किल्ली ठेवली, सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं की पोरीला बाळंतपणाला नेते. माहेरी निघालेल्या पोरीची वर्दी ठाण्यात द्यायची असते, हे आमच्याकडे कुणाच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. मी तेव्हा एका खटल्यासाठी मुंबईत होते आणि त्या परत येईपर्यंत तिथंच अडकले; तिकडे दिल्लीत नबीलला वाटलं, मी कळवलं असेल.

पिशोरला अरवाचं जे कौतुक झालं ते मला पुढे तिनंच सांगितलं. सांडूदादांची बायको सारजाबाई, तिनं पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "मटन खाती ना?" आणि गावातल्या मुलाण्याकडून पाया आणून रस्सा चढवला. कन्नडच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाज, शेक, धुरी, खारीक-खोबरं, काढा, सगळं झालं. पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि पेनही ठेवलं. सटवाईनं त्या लेकराच्या नशिबात काय लिहिलं ते कुणी वाचलं नाही, पण त्याच सुमारास उस्मानपुऱ्यात हवालदारानं काय लिहिलं ते मी पुढे वाचलं.

हवालदार पत्ता तपासायला आला होता. घराला कुलूप. परत आला, कुलूप. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं लक्ष्मीबाईंना विचारलं, वरची परदेशी बाई कुठं आहे?

"माहेरी गेलीय की बाळंतपनाला."

"कुठं? येमेनला?"

"नाय वो. पिशोरला."

हवालदार म्हणाला, "मावशी, येमेनच्या बाईचं माहेर पिशोरला? माझी खेचता का?" त्याला वाटलं गल्लीनं एकजूट करून काहीतरी लपवलंय. त्याची तरी काय चूक? त्यानं अहवालात लिहिलं की इसम पत्त्यावर नाही, ठावठिकाणा संशयास्पद, शेजारी दिशाभूल करतात.

सव्वा महिना झाल्यावर सगळे परत आले. नबीलही दिल्लीहून आला होता. मुलाखत झाली होती, निकाल बाकी होता. तो पिशोरला जाऊन लेकीला बघून, सारजाबाईच्या हातचं जेवून आनंदात परतला. दारावर नोटीस लावलेली. मुदतवाढ रद्द, देश सोडा. आणि आठवड्याच्या आत, परदेशी भाडेकरू हलल्याचं कळवलं नाही म्हणून वच्छलाबाईंवर घरमालकीण म्हणून गुन्हा. तेव्हाच त्या अळिवाचे हात घेऊन माझ्याकडे आल्या.

मी त्यांना सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी मी तिला नेली नसती तर?"

मी म्हणाले, "तर मुदत वाढली असती."

हे मी सांगायला नको होतं असं बन्सी म्हणतो. पण खोटं बोलले असते तर दुसऱ्या कुणाकडून कळलंच असतं. बाई खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेले. माझा बेत साधा होता. बाईंनी जबाब द्यायचा की अरवानं पोलिसांना कळवू म्हटलं होतं, पण आपणच नको म्हटलं. त्यानं बाईंवरचा गुन्हा पक्का झाला असता, पण पोरीवरचा संशय हटला असता. बाई लगेच तयार झाल्या. साहेबांसमोर त्यांनी हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. सरळ सांगितलं.

"सायब, पोर पुसत व्हती. म्याच नाय म्हनलं. मला आत घाला, पोरीला राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, अट तिच्यावर होती. तुमच्यावर नाही."

"मपल्या आयची गोष्ट सांगू का?" बाई म्हणाल्या. "रझाकाराच्या वक्ताला आय पोटुशी व्हती. गावात जाळपोळ झाली तवा घाट उतरून खानदेशात पळाली. चाळीसगावाकडं एका घरानं ठिवून घेतली. तिथंच मपला सांडूदादा झाला. पोलिस ॲक्शन झाली मंग माघारी आली. त्या घरच्यांनी कोन्या सायबाला इचारलं व्हतं?"

"पण तुमच्या आई आपल्याच माणसांत गेल्या होत्या ना."

"तवा कुठं आपलं? इकडं निजामाचं राज व्हतं अन् तिकडं हिंदुस्थान. नाकं व्हतं, पहारा व्हता. परमुलुखातच गेली व्हती ती."

साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मॅडम, मी शिफारस लिहितो. चांगली लिहितो. पण वर कुठल्या कलमाखाली मागू? असं कलमच नाही." मला त्यांच्यावर चिडता आलं नाही, याची मला जास्त चीड आली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

शिफारस वर गेली. आम्ही वाट पाहत होतो आणि वाट बघता बघता मला एक निमंत्रण आठवलं. जालना रोडवरच्या एका हॉटेलात परिषद होती, दक्षिण आशियातल्या आश्रय धोरणावर, निर्वासितांच्या संरक्षणाचे मापदंड सुधारण्यावर. दिल्ली, ढाका, काठमांडू असे कुठून कुठून लोक आले होते. म्हटलं, यातल्या एकाचा तरी वर फोन लागत असेल. वच्छलाबाई म्हणाल्या मी पण येते. अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. मी म्हटलं डबा कशाला, तर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कामाला जात्यात का?"

मी बोलले. पाच मिनिटं मिळाली होती, मी दहा घेतली. सगळी गोष्ट सांगितली. एक बाई डोळे पुसत होत्या. माझ्यानंतर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की हे उदाहरण फार बोलकं आहे, निर्वासितांच्या कायद्याच्या मसुद्यात "यजमान कुटुंबाच्या घरी तात्पुरता मुक्काम" असं एक पोटकलम घालायला हवं. दुसरे म्हणाले पोटकलम नको, स्पष्टीकरण पुरे. त्यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. मी विचारलं, मसुदा कायदा कधी होईल? ते म्हणाले, मसुदे बरेच झालेत, इच्छाशक्ती हवी. माणसं वाईट नव्हती हो. त्यांना खरंच वाटत होतं. पण एकाच्याही सहीनं अरवा एक दिवस जास्त राहिली नसती.

वच्छलाबाई जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर लाडू वाटत फिरल्या. "सायब, तेवढं पोरीचं बघा." प्रत्येकानं लाडू घेतला, छान झालाय म्हणाला. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "यांच्या हातात काईच नाय?"

"नाही."

"मंग तुम्ही मला कशाला येऊ दिलं वो?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "मी दिवसभर आशेवर बसले ना!"

त्यांचं खरं होतं. मी रिक्षाला हात केला. रिक्षात आम्ही दोघी दोन कडांना बसलो होतो.

वरून उत्तर आलं ते नकाराचं. मी नबीलला सांगितलं की घाबरू नकोस, मी वरच्या कोर्टात जाते, देश सोडायला अजून मुदत आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मी तर त्या पायरीवरच राहते. कागद तयार केले होते. पण नबीलला कुणीतरी सांगितलं होतं की मुदत संपल्यावर पकडलं तर पुरुषाला एकीकडे ठेवतात, बाई आणि लेकराला दुसरीकडे, आणि मग किती दिवस ते कुणाला माहीत नसतं. मी त्याला "असं होणार नाही" म्हणून लिहून देऊ शकत नव्हते. कायद्यात तसं लिहिलेलंच नाही. त्यानं माझ्या टेबलावरचे कागद नीट सारखे करून परत दिले आणि स्वखुशीनं जातो असं कचेरीत सही करून आला. स्वखुशीनं! माझ्या सबंध वकिलीत इतका खोटा शब्द मी वाचला नाही.

मुंबईला जायची गाडी सकाळी आली. वच्छलाबाईंनी लेकराला दुपट्यात गुंडाळलं, दृष्ट काढली. अरवाची ओटी भरताना तांदूळ सगळे खाली सांडले. मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या. "मपलं चुकलं गं बाई. म्याच तुझं वाटोळं केलं. मपल्या हातानं केलं."

अरवानं त्यांना धरलं. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाय खाला. पिशोरला मला लई झोप लागला. घरावर बॉम्ब पडला तवापासून झोप नाय. तिथं लागला." मग ती गाडीत बसली. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या, लक्ष्मीबाई तर कोपऱ्यापर्यंत गाडीमागे गेल्या.

एडनला पोचल्याचा फोन आला. लेकराला ताप आहे, दवाखान्यात औषध नाही, असं अरवा सांगत होती. मागे लेकरू रडत होतं. मग ते ताइझच्या रस्त्याला लागले. त्यानंतर फोन लागला नाही. दिल्लीच्या कचेरीचा निकाल पाच महिन्यांनी आला. अर्ज मंजूर झाला होता, त्या तिघांना निर्वासित मानलं होतं. तो कागद मी वच्छलाबाईंना वाचून दाखवला नाही. बन्सीनं दाखवला.

बाईंवरचा गुन्हा दंड भरून मिटला. बन्सीनं दंड भरला आणि आईला काही बोलला नाही, याचंच मला भय वाटलं. बाई बोलायच्या कमी झाल्या. वरची खोली रिकामीच. ठेचा करायच्या, पण वाटायला निघायच्या नाहीत.

कितीतरी दिवस मला वाटत होतं की हे दुःख आहे, ओसरेल. मग काबूल पडलं त्या वर्षीची गोष्ट. मी त्यांच्याकडे चहा पीत बसले होते. दार वाजलं. बाहेर एक मुलगी, डोक्यावर ओढणी, पाठीला बॅग, हातात एक पिशवी. इथल्याच एका कॉलेजात शिकणारी अफगाणी पोर. हिंदी चांगलं बोलत होती. "खाला, कमरा है क्या? किसी ने बताया आप के यहाँ..."

वच्छलाबाईंनी दार पूर्ण उघडलं नाही. फटीतून विचारलं, "कागद है?"

मुलीनं घाईघाईनं पिशवीतून पासपोर्ट काढला.

"कवापर्यंतचा हाय?"

मुलीनं पासपोर्ट परत पिशवीत घातला. मग म्हणाली, "इस महीने तक. लेकिन खाला, मैं वापस नहीं..."

"नाय," बाई म्हणाल्या. "खोली नाय. पुढं बघ." आणि दार लावलं. वरची खोली रिकामी होती, तिची किल्ली माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला लटकत होती.

मी कप ठेवला. "वच्छलाबाई!" एवढंच म्हणाले.

त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. छातीवर दोन्ही हात धरलेले. "म्या ठिवून घेतलं की पोरगी वाटंला लागती," त्या म्हणाल्या. "मला काय करावं ते नाय कळत, वकिलीणबाई. मला काय बी नाय कळत. म्या हात लावला की इस्कोट व्हतो. नाय ठिवली तर वाचल. वाचल ना वो? सांगा ना, वाचल ना ती?"

मी त्यांना बाजूला केलं, दार उघडलं आणि अनवाणीच धावत सुटले. कोपऱ्यापर्यंत गेले, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. रिक्षावाल्यांना विचारलं, पिशवीवाली मुलगी कुठं गेली. कुणी पाहिली नव्हती.